पाट्यावरचं मीठ आणि सरांचा मॅग्नेट

चुंबकाची गोष्ट सांगतो म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. त्यांना वाटतं आता कॉलेज येणार, कॉलेजात एक मुलगी येणार, मग ओढ लागणार, पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. तर कॉलेज आहे. मुलगीपण आहे, माझी प्रॅक्टिकलची पार्टनर. पण तिचं माझ्याबद्दलचं धोरण आणि मिठाचं चुंबकाबद्दलचं धोरण एकच. म्हणजे काय ते पुढे कळेलच, पण आशा आत्ताच सोडलेली बरी. आणि गोष्ट महाडची आहे म्हणून कुणी किल्ल्याची वाट बघत असेल तर त्यानेही उठून चहा घेऊन यावं. किल्ला येणार नाय. तळमजल्यावरची लॅब येईल, तिच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ आहे.

मी पोलादपूरचा. बी.एस्सी.ला महाडला होतो, रोज एस्टीने ये-जा. अभ्यासात मी मधला, पण आवाज काढण्यात पहिला. कंडक्टर, भाजीवाली, गॅदरिंगला येणारे पाहुणे, कुणालाही सोडलं नाय. त्यातही फिजिक्सचे सर म्हणजे माझा हुकमी एक्का, कारण सर वाक्यातला शेवटचा शब्द दोनदा म्हणायचे. "जर्नल काढा, काढा." "करंट हळू वाढवा, वाढवा." एस्टीत मी नुसतं "तिकीट घ्या, घ्या" म्हटलं तरी मागची अख्खी सीट हसायची.

सरांना हे ठाऊक होतं. एकदा व्हरांड्यात मी त्यांच्या आवाजात ओरडलो, "मामा, लॅब उघडा, उघडा!" आणि शिपाईमामा खरोखर किल्ल्या वाजवत धावत आले. वळून बघतो तर सर मागेच उभे.

"उघडलीच आहे तर आत बसा," सर म्हणाले, "बसा."

तेव्हापासून लॅबमधलं कुठलंही जड काम माझ्याकडे.

त्या लॅबमध्ये सरांचा जीव अडकला होता एका इलेक्ट्रोमॅग्नेटमध्ये. दोन जाडजूड कॉइल, मधे समोरासमोर दोन लोखंडी तोंडं, त्यांच्यात बोटभर फट. पुरात तो दोन दिवस पाण्याखाली होता. बाकीचे सगळे म्हणाले, मेला. सरांनी त्याला टेंपोत घालून पंपाच्या मोटरी वाइंडिंग करणाऱ्याकडे नेलं, त्याच्याशेजारी स्टुलावर बसून दोन्ही कॉइल नव्याने भरून घेतल्या आणि वाजत-गाजत परत आणला. वाजत-गाजत म्हणजे टेंपोवाल्याने गाणी लावली होती.

प्रिन्सिपल सरांना मात्र ती जागा कॉम्प्युटरच्या टेबलांसाठी हवी होती. प्रिन्सिपल सर नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'ने सुरू करतात. त्यांनी सोमवारी लॅबमध्ये येऊन सांगितलं, "ॲक्च्युअली सर, शनिवारी मला हे चालवून दाखवा. बरोबर उत्तर आलं तर राहू दे. नाहीतर पुढच्या सोमवारी भंगारवाला येतोच आहे, कपाटांबरोबर हेपण जाईल."

सर नुसतं "हो, हो" म्हणाले. पण प्रिन्सिपल सर गेल्यावर त्यांनी मॅग्नेटवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. मी तेव्हा कुणाचाच आवाज काढला नाय.

चालवून दाखवायचं म्हणजे काय ते सांगतो, घाबरू नका. सोपं आहे. काचेची बारीक नळी घ्यायची, तिच्यात पदार्थाची पूड भरायची, आणि ती नळी वजनकाट्याच्या खालच्या हुकाला अशी टांगायची की तिचं टोक मॅग्नेटच्या दोन तोंडांच्या बरोबर मधे लोंबेल. आधी करंट बंद ठेवून वजन घ्यायचं, मग चालू करून. पदार्थ तोच, नळी तीच, पण वजन बदलतं! वाढलं तर चुंबक त्याला खाली ओढतोय, कमी झालं तर वर ढकलतोय. किती बदललं त्यावरून ससेप्टिबिलिटी काढायची. ससेप्टिबिलिटी म्हणजे तो पदार्थ चुंबकाचं किती मनावर घेतो त्याचा आकडा.

वर्गाला समजावताना सरांनी हे सगळं फळ्यावर लिहिलं. मी मागच्या बाकावर त्याची पंगत केली. लोखंड म्हणजे फेरोमॅग्नेटिक, ते जेवायला कुणी बोलवायच्या आधीच ताटावर जाऊन बसतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, हा पॅरामॅग्नेटिक, "नको नको, घरून खाऊन आलोय" म्हणत हळूच पुढे सरकतो. आणि मीठ डायमॅग्नेटिक. त्याला आग्रह केला की ते हसून एक पाऊल मागे जातं. मी तिघांचे आवाज काढले. पुढच्या बाकावर बसलेली माझी पार्टनर वळून म्हणाली, "नकल्या, परीक्षेत हेच लिहिशील तू." आणि मीठ कसं मागे जातं ते मला समोरच दिसलं.

ती शिवथरकडची, महाडला मामाकडे राहून शिकायची. आकडेमोडीत पक्की, जिभेनेही तशीच.

शनिवारसाठी सरांनी दोन पदार्थ ठरवले. ओढला जाणारा मोरचूद आणि ढकललं जाणारं मीठ. दोन्ही बरोबर आले म्हणजे मॅग्नेटवर शंका घ्यायला कुणाला जागाच नको. मोरचूद वरच्या मजल्यावर केमिस्ट्रीत मिळाला. मीठ मागितल्यावर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मीठ काय तुमच्या घरी नसतं?"

मोरचूद पार्टनरने चिनी मातीच्या खलात कुटला. पूड अगदी बारीक लागते, नाहीतर नळीत पोकळ्या राहतात. तासभर कुटून तिचा हात दुखायला लागला. बुधवारी तो नळीत भरला, करंट दिला, वजन वाढलं. सर म्हणाले, "वाढलं! वाढलं!" पुढच्या बाकावरची पोरं माझ्याकडे बघून हसली, म्हणजे मूळ कलाकार बोलत असताना लोक नकलाकाराकडे बघत होते.

"मीठ आता तू कुटायचं," पार्टनर म्हणाली. "खडेमीठच आण. पाकिटातल्या मिठात काय काय घातलेलं असतं."

"किती बारीक?"

"पिठासारखं. आणि आळस करू नको."

आळस नाही केला. त्याची गरजच पडली नाय. संध्याकाळी घरी पोचलो तर स्वयंपाकघरात, मोरीच्या कट्ट्यावर, वाटीभर खडेमीठ बारीक वाटून ठेवलेलं! पिठासारखं. मला वाटलं देव पावला. डब्यात भरलं, झाकण लावलं आणि दप्तरात टाकलं. आई मागच्या दारी काकीशी बोलत होती. तिला कशाला त्रास द्यायचा.

गुरुवारी ते मीठ नळीत गेलं. पार्टनरने नळी टांगली. सरांनी पंखा बंद करवला, कारण वाऱ्याने काट्यावरचा आकडा नाचतो.

"करंट द्या, द्या."

मी बटण फिरवलं. काट्यावरचा आकडा हलला आणि वर गेला.

"वर?" पार्टनर म्हणाली.

"परत, परत," सर म्हणाले.

परत वर. करंट वाढवला, आणखी वर. मिठाचं वजन वाढत होतं. जे मीठ जगभर मागे सरकतं ते आमच्या लॅबमध्ये ताट घेऊन पुढे आलं होतं. सरांनी नळीची गाठ तपासली, काटा तपासला, रिकामी नळी टांगून बघितली. रिकामी नळी बरोबर वागली, काच जशी वागते तशी. मग मीठ भरलं, पुन्हा वर.

सर स्टुलावर बसले. चष्मा काढला. "वाइंडिंगमध्येच काहीतरी गडबड राहिली असणार," ते म्हणाले. फक्त एकदा. 'असणार' हा शब्द दुसऱ्यांदा आलाच नाय. मी वाट बघत होतो. शिपाईमामा दारातच उभे होते, ते सगळं बघून गेले, म्हणजे ऑफिसपर्यंत बातमी पोचली होती.

त्या दिवशी एस्टीत पोरं म्हणाली, "सरांचा आवाज काढ ना." काय काढणार? गप्प बसलेल्या माणसाचा आवाज कसा काढतात?

शुक्रवारी सर लेक्चरला होते. लॅबमध्ये पार्टनर जर्नलवर आकडे मांडत बसली होती आणि मी भूक मारत बसलो होतो. दप्तरात पेरू होता. पेरूला मीठ लागतं. टेबलावर डबा होता, त्यात उरलेलं मीठ. फार विचार न करता मी पेरू त्यात बुडवला आणि चावलो.

"हे बघ," पार्टनर वर न बघता म्हणाली. "करंट वाढवल्यावर मोरचुदाची ससेप्टिबिलिटी जवळपास तीच येते. मिठाची प्रत्येक वेळी कमी कमी होत जातेय. पॅरामॅग्नेटिक पदार्थ असं वागत नाय. यात कुठंतरी लोखंडासारखं काहीतरी मिसळलंय. थोडंच, पण हाय. ऐकतोयस का?"

मी ऐकत नव्हतो. माझ्या दातांत कचकच झालं होतं.

"यात रेती आहे," मी म्हणालो.

तिने वर बघितलं. हातात पेरू, ओठांना मीठ. "तू सॅम्पल खाल्लंस?"

"उरलेलं."

"नकल्या, ते सॅम्पल हाय!"

पण ओरडता ओरडताच ती उठली होती. बीकरमध्ये पाणी घेतलं, डब्यातलं मीठ त्यात ओतलं, ढवळलं. मीठ विरघळून गेलं आणि तळाशी बारीक काळी कणी उरली. तिने टेबलाच्या खणातून एक साधा पट्टीचुंबक काढला आणि बीकरच्या काचेला बाहेरून लावला. तळाची कणी सरकली. चुंबक फिरवला तशी ती मुंग्यांच्या रांगेसारखी मागे मागे आली.

"हे कुठून आलं?" ती म्हणाली. "मीठ कशात कुटलंस?"

"मी नाय कुटलं. घरी तयार होतं."

"तयार?"

मी आईला फोन लावला.

"आई, बुधवारी मोरीवर वाटीत मीठ होतं ना..."

"तूच नेलंस काय ते? मी म्हटलं मांजरानं सांडलं की काय. अरे ते टाकायचं होतं!"

"टाकायचं?"

"सकाळी पाट्याला टाकी लावणारी आली होती. टाकी लावल्यावर पाट्याची कच निघते, म्हणून पहिल्यांदा मीठ वाटतात नि फेकून देतात. का रे? तुमच्या कॉलेजात काय करतायत त्या मिठाचं?"

"वजन," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

पाटा काळ्या दगडाचा. टाकी लावली म्हणजे छिन्नीने त्यात नव्या खाचा पाडलेल्या. आमच्याकडच्या काळ्या दगडात चुंबकाला धरणारे बारीक कण असतात, हे आम्हाला दोन वर्षं शिकवून झालं होतं. आणि मी त्याच दगडाची ताजी कच सरांच्या मॅग्नेटला मीठ म्हणून खाऊ घातली होती. मॅग्नेट बिचारा खरं तेच सांगत होता. आमचाच विश्वास बसत नव्हता.

सर आले. पार्टनरने बीकर दाखवला, चुंबक फिरवून दाखवला. सरांनी तिच्या हातून चुंबक घेतला आणि स्वतः फिरवला. तिसऱ्यांदा फिरवल्यावर म्हणाले, "मॅग्नेट ठीक आहे. ठीक आहे."

मी तिच्याकडे बघितलं. सरांचा आवाज परत आला होता.

"पण मिठात हे आहे ते कळलं कसं?" सरांनी विचारलं.

पार्टनरने माझ्याकडे बोट केलं. मी अर्धा पेरू मागे लपवला, पण पेरूचा वास लपत नाय.

"लॅबमध्ये खाल्लंस? या टेबलावर परवा मोरचूद सांडला होता! तो काय चटणीला घालतात का? विष आहे ते!" सर इतके भडकले की एकही शब्द दोनदा आला नाय. मला दोनदा चूळ भरायला लावली, समोर उभं राहून. मग म्हणाले, "आता खडेमीठ आणा, खलात कुटा आणि तुम्हीच कुटा. तुम्हीच."

मी कुटलं. तासभर. पार्टनर समोर बसून "अजून बारीक" म्हणत होती. कुटून झालं, नळी भरली, आणि लाइट गेली. मामा म्हणाले, फीडरचं काम हाय, सकाळीच येईल. म्हणजे खरं मीठ पहिल्यांदा चुंबकात जाणार ते प्रिन्सिपल सरांच्या समोर.

शनिवारी लाइट होती. प्रिन्सिपल सर आले, सोबत ऑफिसातले क्लार्क. दारात मामा. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर खोचला होता, बहुतेक चुकून.

आधी मोरचूद. वजन वाढलं. प्रिन्सिपल सरांनी मान हलवली, पण नजर घड्याळावर.

मग मीठ. पार्टनरने नळी टांगली. मी पंखा बंद केला. काट्यावरचा शेवटचा आकडा थोडा वर, थोडा खाली नाचत होता. तो थांबेपर्यंत करंट द्यायचा नव्हता. सरांनी टेबलाची कड धरली होती.

"द्या, द्या," सर म्हणाले, पण इतकं हळू की फक्त मलाच ऐकू आलं.

मी बटण फिरवलं. कॉइल गुणगुणायला लागली. आकडा हलला.

खाली.

पार्टनरने करंट बंद केला, आकडा परत जागेवर. चालू, पुन्हा खाली. करंट वाढवला, आणखी खाली. तिने तिथेच कागदावर भागाकार केला. ससेप्टिबिलिटी वजा, आणि प्रत्येक करंटला जवळपास तेवढीच.

"वजा!" सर म्हणाले. "वजा आहे, वजा!"

"ॲक्च्युअली," प्रिन्सिपल सर पुढे वाकून म्हणाले, "वजन कमी झालं म्हणजे नळी गळतेय का?"

सरांनी न चिडता समजावलं. प्रिन्सिपल सरांनी स्वतः बटण फिरवून बघितलं, एकदा, मग आणखी दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेच्या पाळण्यात बसलेल्या पोराचा आनंद होता. मग मागे वळून म्हणाले, "पण मामा तर सांगत होते, गुरुवारी उलटं आलं."

सर काहीतरी बोलणार तेवढ्यात मीच सुरू झालो. मला समोर माणसं दिसली की थांबता येत नाय. मोरीवरची वाटी, टाकीवाली, पेरू, कचकच, आईचा फोन, सगळं सांगितलं. टाकीवालीची आरोळीही काढली, "पाट्याला टाकीऽऽय!" क्लार्क पोट धरून हसले. मामा दाराला टेकले.

"म्हणजे ॲक्च्युअली," प्रिन्सिपल सर डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या घरच्या मिठात दगड निघाले?"

"हो सर!" मी म्हणालो. मोठ्या अभिमानाने म्हणालो.

ते क्लार्ककडे वळले. "भंगारवाल्याला सांगा, फक्त कपाटं न्यायची. टेबलं वरच्या हॉलमध्ये लावू." आणि सरांना म्हणाले, "तो पाटापण एकदा आणा बघायला."

ते गेल्यावर सर मॅग्नेटपाशी उभे राहिले. मग पार्टनरला म्हणाले, "छान काम केलंत, छान." आणि मला म्हणाले, "तुम्ही तोंड आवरा." माझ्या वाट्याच्या वाक्यातला कुठलाच शब्द दुसऱ्यांदा आला नाय, तेव्हा मी ते मनावर घ्यायला हवं होतं.

बाहेर आल्यावर मी पार्टनरला म्हटलं, "चल, वडापाव. मी देतो."

"आज गावी जायचंय, माझी गाडी आलीये," ती म्हणाली आणि हसून एक पाऊल मागे गेली. डायमॅग्नेटिक. सिद्ध.

घरी पोचलो तेव्हा आई आणि शेजारची काकी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी दप्तरही ठेवलं नाय. उभ्या उभ्या अख्खा शनिवार करून दाखवला. स्क्रू-ड्रायव्हर खोचलेले सर, कागदावर भागाकार करणारी पार्टनर, पाळण्यातले प्रिन्सिपल. आई हसत होती. काकी तर सूप खाली ठेवून हसत होती. "कसा बोलतो गो तुझा पोरगा, हुबेहूब!" मला चेव आला. नाकातून आवाज काढला, "म्हणजे ॲक्च्युअली, तुमच्या घरच्या मिठात दगड निघाले?" आणि छाती पुढे काढून माझं उत्तरही म्हणून दाखवलं, "हो सर!"

आईचं हसणं थांबलं.

"काय म्हणालास?"

"मी नाय, ते प्रिन्सिपल..."

"तू काय म्हणालास त्यांना?"

"हो सर."

काकीने सूप उचललं आणि एकदम तांदळात डोकं घातलं.

"मेल्या! अरे एवढ्या मोठ्या माणसापुढं सांगून आलास की आमच्या घरात मिठात दगड असतात? सगळं सांगितलंस, मग ते फेकायचं मीठ होतं हे सांगताना तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"सांगितलं की. हसण्यात कुणाला ऐकूच गेलं नसेल."

"वा! म्हणजे दगड ऐकू गेले नि मी फेकणार होते ते नाय ऐकू गेलं! आता गॅदरिंगला मी आले की ते म्हणणार, ह्या बघा दगडवाल्या बाई. आयुष्यात कुणाच्या दाताखाली माझ्या हातचा खडा आला नाय, विचार या काकीला! गो, आला काय कधी?"

काकी मान न उचलता म्हणाली, "नाय गो बाय, कधीच नाय."

"ऐकलंस? सोमवारी जायचं नि त्यांना नीट सांगायचं, नाकातून नाय, तुझ्या स्वतःच्या आवाजात, की आमची आई मीठ चाळून घेते नि ती वाटी मोरीवरून न विचारता उचलणारा गाढव मी हाय. आणि हसतोस काय वर? दप्तर ठेव, हातपाय धू, नाहीतर तुलाच टांगीन त्या दोन लोखंडांच्या मधी, मग बघू वजन वाढतं का उतरतं!"